राखणीचा माळा आणि झोपेचं घर

शाळू पोटरीत आला की आमच्या आजोळी माळा उभा राहायचा. आजोळ सातारा जिल्ह्यातलं, पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात. पौषात कणसात दूध भरायचं, आणि दूध भरल्याचं पाखरांना कुठून कळायचं कोण जाणे, आभाळ काळं करत भोरड्या यायच्या. एक थवा वाफ्यावर उतरून उठला की मागं कणसांच्या नुसत्या पिश्या उरायच्या. त्याच्या आत माळा तयार हवा.

नकाशा वगैरे कुणी काढत नसे. थोरले मामा कुऱ्हाड, कोयता आणि काथ्याची भेंडोळी घेऊन सकाळी बाहेर पडत आणि दिवस मावळायला बांधावरच्या रायवळ आंब्यावर माळा बसलेला असे. लोखंड नावालाही नाही. बेचक्यांत दोन जाड वासे, त्यांवर आडवे बांबू, बांबूंवर कामट्यांचा ताटवा, ताटव्यावर पेंढा आणि पेंढ्यावर घोंगडं. भाताच्या राखणीचा माळा असेल तर वर गवताचं छप्पर असायचं. शाळूच्या माळ्याला तेही नसे, कारण दवाखेरीज वरून काही पडत नसे आणि छपराखाली बसलं की वरून येणारी पाखरं दिसत नसत. चढायला फांद्यांचे खुंट राखून तोडलेला एक बांबू. त्याला शिडी म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी.

उंचीचं गणित पिकानं घातलेलं होतं. मालदांडी शाळूचं ताट सात-आठ फूट जायचं. माणूस शाळूत शिरला की दिसेनासा व्हायचा आणि त्याला दोन हातांपलीकडचं दिसायचं नाही. म्हणून माळ्याचं जोतं दहा-बारा फुटांवर. त्याहून खाली असेल तर कणसांची रांग नजरेत भरत नाही, त्याहून वर असेल तर गोफणीचा गोटा वाऱ्यात भरकटतो. झाड कुठलं निवडायचं तेही ठरलेलं. शेतातल्या कुठल्याही कोपऱ्यापर्यंत गोटा पोचला पाहिजे आणि चारी बाजू मोकळ्या दिसल्या पाहिजेत. सोयीचं झाड नसेल तर चार मेढी रोवून त्यांवर माळा करायचा. देशावर, सोलापूरकडं, झाडंच विरळ असल्यानं बहुतेक माळे असेच चार पायांचे असत.

मामांना झाडांचे स्वभाव पाठ होते. जांभूळ आणि शेवगा दोघंही दगाबाज. दिसायला फांदी मांडीएवढी, पण वाकायचं तिला माहीतच नाही, एकदम कडकन जाते. चिंच चिवट, पण चिंचेखाली रात्र काढायला राखणदार कुरकुरतो, कारण तिथं भुतांची वस्ती. पिंपळावर मुंजा. उंबराला मुंगळे फार. राहता राहिला आंबा. वाशाखाली बेचक्यात मामा गोणपाटाची घडी घालत. ‘झाड जितं हाय, त्येला काचलं न्हाई पायजे,’ एवढंच सांगत. ताजा बांबू वाळला की बारीक होतो आणि गाठ सैल पडते, म्हणून आठवड्यानं परत वर चढून प्रत्येक दोरात खुंटी घालून पीळ द्यायचा. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा आणि तोडल्यावर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचा, हाही त्यांचा नेम. पंधरवड्याचं मला ठाऊक नाही, पण पाण्याचं बरोबर होतं. भिजण्यानं बांबूतली साखर आणि पिठूळपणा निघून जातो आणि भुंग्याला खायला काही उरत नाही.

माळ्यावरचा दिवस दोन तुकड्यांत कामाचा असायचा. पाखरं उजाडताना आणि उन्हं कलल्यावर उतरतात. भर दुपारी ती झाडांत बसलेली असतात. म्हणून सकाळी हाकारे, पत्र्याचा डबा, गोफण. मग दुपारी हुरडा, ऊस, गप्पा. संध्याकाळी परत हाकारे. अंबाडीच्या वाखाची गोफण डोक्याभोवती फिरून सुटली की शेवटी तिच्या शेपटाचा आसूड वाजल्यासारखा आवाज व्हायचा. पाखरं गोट्यापेक्षा त्या आवाजानंच उठायची. नेम कुणाला धरायचा होता? थवा उठवला की काम झालं, मग तो शेजाऱ्याच्या शेतात उतरायचा आणि शेजारी तो आपल्याकडं परत पाठवायचा. सगळं शिवार असं दिवसभर एकमेकांशी आरडाओरड्यात बोलत असायचं. लग्नं ठरल्याच्या बातम्या माळ्यामाळ्यांवरून पोचत.

रात्रीचं काम वेगळं. पाखरं झोपायची आणि डुकरं उठायची. साळिंदरं, कोल्हेही. रात्री माळ्यावर एक मामा नाहीतर राखणदार. खाली शेकोटी, वर घोंगडं, हाताशी डबा आणि काठी. झोप लागू द्यायची नाही, एवढंच त्या जागेचं प्रयोजन. मऊ गादी कुणी वर नेली असती तरी मामांनी ती खाली फेकली असती. माळा थोडा टोचेल असाच बांधलेला असे, आणि ते आळसानं झालेलं नव्हतं.

इथं स्मरणरंजनाला थोडा चाप लावायला हवा. आम्हा पाहुण्या पोरांना तो माळा म्हणजे सुट्टी होती. ज्याला पायलीच्या हिशेबात धान्य ठरवून राखणीला ठेवलेलं असे, त्याला ती पौषाची रात्र होती. अंगावर एक घोंगडं, पायाशी दव, आणि सकाळी डुकरांचा माग दिसला तर बोलणी. झोपेत माळ्यावरून पडून कंबर मोडलेला एक माणूस आमच्याच वाडीत होता. त्याच्याजवळ कुणी माळ्याच्या रम्य आठवणी काढत नसे.

आणि बायका. पेरणीपासून खुरपणी, काढणी, मोडणीपर्यंत शेतात बायका होत्या, माळ्यावर मात्र नाही. मामी भाकरी घेऊन यायच्या, बुंध्याशी उभ्या राहायच्या, वरून दोरी सोडली जायची, तिला त्या फडकं बांधायच्या. बाईमाणसानं झाडावर चढू नये. झाड बाटतं म्हणत की मोहर गळतो म्हणत, आता आठवत नाही, पण कारण नक्की कुठलं तरी देत. मी परकर नेसत होते तोवर मला सूट होती. एका वर्षी गेले तेव्हा मामांनी बुंध्याशीच अडवलं आणि म्हणाले, ‘आता तू खालीच बस पोरी.’ वरून माझे मामेभाऊ गोफणी फिरवत हसत होते. त्या वर्षीचा हुरडा मी खालीच खाल्ला.

माळ्यानं एकदा आमच्या घराण्याचा जीवही वाचवला आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेचा भूकंप. आजोबा त्या रात्री हरभऱ्याला डुकरं लागतात म्हणून माळ्यावर होते. सांगायचे की आधी कुत्री भुंकली, मग जमिनीतून ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि आंबा नुसता घुसळला गेला. त्यांनी फांदीला मिठी मारली. खाली गावात दगडमातीच्या भिंती आत-बाहेर कोसळत होत्या. आमच्या घराची मागची भिंत आजोबा जिथं निजायचे त्या कोनाड्यावरच आली. माळ्याचे दोर करकरले, एक बांबू निसटला, बाकी काही नाही. हलकं, लवचीक आणि दोरानं बांधलेलं ते बांधकाम हललं आणि परत जागेवर आलं. पाटण भागात त्यानंतर कित्येक घरांच्या जड दगडी भिंती जाऊन कुडाच्या, पत्र्याच्या भिंती आल्या. आजोबा मात्र पुढं कित्येक महिने माळ्यावरच निजत. राखायला काही नव्हतं तरी.

मग माळे गेले. पुढारलेपणामुळं गेले असं म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. माळ्यांना घालवलं ते पिकांनी. १९६४ साली सीएसएच-१ हे भारतातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. बुटकं, लवकर येणारं, भरघोस कणसाचं. त्याच्या शेतात माणूस उभा राहिला तरी सगळं दिसायचं. माळा कशाला? मग धरणांचं, उपशाचं पाणी आलं, ऊस आला, पुढं सोयाबीन. उसावर भोरड्या येत नाहीत. ज्यांनी हट्टानं शाळू ठेवला त्यांची पंचाईत झाली, कारण शिवारात एकाच्याच शेतात कणसं असतील तर साऱ्या पंचक्रोशीची पाखरं त्याच्यावर. सगळ्यांचा शाळू होता तेव्हा नुकसान वाटून जायचं. एकट्यानं राखण परवडेना, त्यानंही ऊस लावला. आमच्या मामांचा शेवटचा माळा कधी मोडला, हे घरात कुणाला सांगता येत नाही. मोडला असंही नाही. एका वर्षी बांधला नाही, एवढंच.

झाडावरची हौसेची घरं काही या माळ्यांमधून निघाली नाहीत. त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं केनियात. एरिक शेरब्रुक वॉकर यांनी १९३२ साली अ‍ॅबरडेअरच्या रानात, पाणवठ्याकाठच्या एका अंजिराच्या जातीच्या झाडावर ‘ट्रीटॉप्स’ उभारलं. ५ फेब्रुवारी १९५२ च्या रात्री इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथं मुक्कामाला होती. तिच्या सोबतीला होते आपल्या कुमाऊंचे जिम कॉर्बेट, जे तेव्हा केनियात न्येरीला राहायला गेले होते. सहा तारखेला तिच्या वडिलांचं, सहाव्या जॉर्जचं, निधन झालं आणि झाडावर चढताना राजकन्या असलेली बाई उतरल्यावर राणी ठरली. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. राजकन्या तिथं झोपायला गेली नव्हती, रात्री पाण्यावर येणारी जनावरं बघायला गेली होती. म्हणजे इतका थाटमाट असूनही तो माळाच होता. १९५४ साली माऊ माऊ बंडखोरांनी तो जाळला. नंतर पाणवठ्याच्या पलीकडं मोठं हॉटेल झालं, पण ते खांबांवर.

खांबांवर! तिथंच आजच्या ट्रीहाउसची मेख आहे. आपल्याकडं हमरस्त्यांच्या कडेला कृषिपर्यटनाच्या पाट्यांवर जी ट्रीहाउसं दिसतात, त्यातली निम्मी सिमेंटच्या खांबांवर उभी असतात, आणि खांबांना खोडासारखं खडबडीत प्लास्टर करून तपकिरी रंग मारलेला असतो. झाड शेजारी उभं राहून बघत असतं. काही ठिकाणी गच्चीला भोक पाडून त्यातून एक खोड काढतात, ते फोटोपुरतं. हुरडा पार्टीच्या जागी तर हल्ली माळाही बांधतात, प्लॅस्टिकच्या हिरव्या दोरीनं. वर चढून हातात गोफण धरायची, फोटो काढायचा, उतरायचं. गोटा देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, खाली गाड्या लावलेल्या असतात.

माझ्या धाकट्या मामेभावाला असलं काही नको होतं. गोफण फिरवत हसणाऱ्यांतला हाच एक. पुण्यात त्याचा यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे, हाताशी पैसा आहे, आणि साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाला जे होतं ते त्यालाही झालं. आजोळच्या शेतात झाडावर घर बांधायचं. सगळं घर एकत्र राहील असं, दोन खोल्या, न्हाणीघर, गरम पाणी, काचेच्या भिंती, सज्जा. आणि तेही आजोबांच्या माळ्याच्याच आंब्यावर.

आंब्यानं नकार दिला. पुण्याहून झाडांची तपासणी करणारा एक तरुण आला. लाकडी हातोडीनं बुंध्यावर ठोकत, कान लावत तो भोवती फिरला आणि एका जागी थांबला. तिथं आवाज ढोलाचा येत होता. मग त्यानं सुईसारखं बारीक ड्रिल आत घालून पाहिलं. एका अंगाला झाड पोकळ. भिरूड. खोडकिडीनं वर्षानुवर्षं आत बोगदे केलेले. ‘बुंध्याशी भुसा पडत असेल,’ तो म्हणाला. पडत होता, मामींनी झाडून काढलेला. मामा असते तर त्यांनी तो भुसा बघूनच सांगितलं असतं. पण त्या तरुणानं गोणपाटाच्या घडीपलीकडचं एक शहाणपण सांगितलं, जे मामांजवळ नव्हतं. झाड आपली जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकतं. सडलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून १९७०च्या दशकात हे दाखवून दिलं. म्हणून एकमेकांना लागून वीस खिळे मारण्यापेक्षा एकच जाड बोल्ट बरा. वीस जखमांच्या भिंती एकमेकांत मिसळतात आणि मधलं सगळंच लाकूड मरतं. खोडाभोवती तार आवळणं तर सगळ्यांत वाईट, कारण अन्न वाहून नेणारी साल तिथंच गुदमरते. आमच्या वाडीतल्या कित्येक झाडांना कुंपणाच्या तारा आवळून आम्ही तेच केलं होतं.

मग उताराच्या वरच्या अंगाला दोन ऐन सापडले, सरळ, निरोगी, पंधराएक फुटांच्या अंतरावर. तिसऱ्या कोपऱ्याला पोलादी खांब. घराचं क्षेत्रफळ साडेतीनशे चौरस फूट, म्हणजे बत्तीस-तेहतीस चौरस मीटर. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकाप्रमाणं चौरस मीटरला २०० किलो वजन धरावं लागतं. म्हणजे माणसं आणि सामानसुमानच साडेसहा टन, घराचं स्वतःचं वजन वेगळं. भाऊ ते ऐकून गप्प झाला. सगळ्यांत आधी पाण्याची टाकी खाली आली, कारण पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो. ती चढावर, जमिनीवर बसवली. ग्रॅनाइटचा ओटा गेला. काचेच्या भिंती चारऐवजी दोन झाल्या. माळ्यावर कशाचा भार होता? एक माणूस, एक डबा आणि रात्र.

ज्या बोल्टवर हे सगळं टेकणार, त्याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या टाकिल्मा नावाच्या खेड्यात मायकेल गार्नियर या माणसानं झाडांवर खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. तिथल्या कचेरीनं म्हटलं, हे धोक्याचं आहे, परवानगी नाही. तेव्हा १९९० साली त्यानं एका घरात एकाच वेळी ६६ माणसं, दोन कुत्री आणि एक मांजर चढवून दाखवलं. कचेरी तरी बधली नाही. भांडण वर्षानुवर्षं चाललं. पण त्या हट्टातून आणि पुढं नव्वदच्या दशकात तिथंच भरू लागलेल्या ट्रीहाउस बांधणाऱ्यांच्या मेळाव्यांतून आजचा तो जाड गळपट्ट्याचा बोल्ट तयार झाला. झाडातून फुटलेल्या पोलादी फांदीसारखा तो बाहेर येतो, आणि झाड पुढच्या वर्षांत त्याच्या गळ्याभोवती लाकूड चढवून त्याला आणखी घट्ट धरतं. भावानं तसे बोल्ट आपल्या कारखान्यातच कातून घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग केले, हा पहिला भाग आजोबांसाठी, असं तो कामगारांना सांगत होता म्हणे. मला सांगितलं नाही. मला सांगताना त्यानं फक्त पोलादाची प्रत सांगितली.

दोन झाडं वाऱ्यात एकसारखी डुलत नाहीत, हा पुढचा पेच. दोन्हीकडं तुळई घट्ट बसवली तर एका वादळात तुळई फाटेल नाहीतर झाड. म्हणून एका टोकाला ती पक्की आणि दुसऱ्या टोकाला सरकत्या कोयंड्यात, इंच-दोन इंच मागंपुढं होऊ शकेल अशी. हा भाग भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशावर चौथ्या विभागात येतो आणि पाऊसही असा की वर कोयनानगरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. अभियंता हे सगळं आराखड्यावर दाखवत होता आणि मला आजोबांचे करकरणारे दोर ऐकू येत होते. सैल ठेवायचं कुठं, हे काथ्याला उपजत ठाऊक होतं. पोलादाला ते शिकवावं लागतं.

खोडाभोवती फळीत राखलेल्या मोकळ्या जागेवरून भावाच्या नातवानं एक चांगला प्रश्न विचारला. झाड वाढेल तसं घरही उंच जाईल का? नाही जाणार. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खोड फक्त जाड होतं. खोडात मारलेला खिळा पन्नास वर्षांनीही त्याच उंचीवर असतो. पोरगं हिरमुसलं. त्यानं मनात काय काय हिशेब केले होते देव जाणे. भोकाची कड मात्र दर काही वर्षांनी कापून मोठी करावी लागेल, तशा सुट्या फळ्याच बसवल्या आहेत.

शिडी नाही, ही या घराची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. उताराचा फायदा घेऊन वरच्या बांधापासून थेट दारापर्यंत लाकडी पूल टाकला आहे. खाली सोळा फूट मोकळं, पण जाणारा सपाटीवरून चालत जातो. मामी पंचाऐंशीच्या घरात आहेत, दोन्ही गुडघे गेलेले. काठी टेकत त्या पुलावरून चालत गेल्या आणि दाराशी क्षणभर थबकल्या. मला वाटलं दम लागला. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तुझ्या मामानं बघायला पायजे हुतं.’ कौतुकानं की चिडून, कळलं नाही. मग आत जाऊन त्यांनी कॉटची गादी दाबून पाहिली.

आता आतलं. मऊ दिवे, पांढऱ्या चादरी, भिंतीवर चौकटीत बसवलेली एक गोफण. सजावट करणाऱ्या मुलीनं ती कुठल्याशा हस्तकलेच्या दुकानातून आणली आहे, रंगीत सुतानं विणलेली, गोंडे लावलेली. तिला गोटा ठेवायची खळगीच नीट नाही. मी काही बोलले नाही. सगळं इतकं नीट बांधलेलं असताना एका गोफणीवरून शब्द खर्चावा असं वाटलं नाही. खिडक्या पश्चिमेला, डोंगराकडं, सूर्यास्तासाठी. शेताकडची, पूर्वेची बाजू बंद, कारण सकाळचं ऊन डोळ्यांवर येऊन झोपमोड होते. झोपेचा केवढा विचार केला आहे! पावसाचा आवाज पत्र्यावर येऊ नये म्हणून छपरात मध्ये भराव, काच दुहेरी, पडदे जाड. माळा जागं ठेवायला बांधत, हे झोपवायला. झाडांकडून दोन पिढ्यांनी अगदी उलट मागणं मागितलं. दुसऱ्या मागण्याला मी नावं ठेवणार नाही. ज्यांनी जागून काढलं त्यांच्या लेकरांनी झोप विकत घेतली तर त्यात वावगं काय?

खरं जागणं अजून शिल्लक आहे ते वनखात्याच्या मचाणांवर. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला मेळघाट, ताडोबाच्या पाणवठ्यांवर मचाणं बांधून रात्रभर प्राणी मोजायची जुनी रीत आहे. चांदण्यात टिपण करायचं, बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, डोळा लागू द्यायचा नाही. हल्ली ‘निसर्गानुभव’ म्हणून पैसे भरून सामान्य माणसालाही बसता येतं. मी एकदा बसले होते. टोचणारे बांबू तेच, डास नवे. रात्रभरात एक अस्वल आलं आणि पाणी पिऊन गेलं. मामांनी बुंध्याशी अडवल्याच्या इतक्या वर्षांनंतर मला वर बसायला मिळालं ते असं, नोंदवहीत नाव घालून.

भावाच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा आम्ही सगळे तिथंच राहिलो. पोरं सज्जात, मोठी आत, मामी कॉटवर. पहाटे तीनच्या सुमाराला मामी उठून बसल्या. मक्यात डुकरं शिरली आहेत, त्यांना कळलं होतं. दुहेरी काचेतून, जाड पडद्यांतून, पंचाऐंशी वर्षांच्या कानांना कसं ऐकू आलं ते विचारू नका. त्या काठी टेकत पूर्वेच्या बंद भिंतीपाशी गेल्या आणि तिथं खिडकी नाही हे लक्षात आल्यावर पश्चिमेच्या काचेपाशी आल्या. ती उघडत नव्हती. मग त्यांनी दार उघडलं, पुलावर उभ्या राहिल्या आणि आयुष्यभर खालून ऐकलेला तो हाकारा पहिल्यांदा वरून घातला. सगळी वाडी उठली. कुत्री उठली, वानरं उठली, पोरं रडायला लागली, भाऊ बॅटरी घेऊन उतरणीवरून धावला. मामी आत येऊन म्हणाल्या, ‘घर बांधलंसा आन् शेताकडं खिडकीच न्हाई व्हय?’

आर्किटेक्ट पुढच्या आठवड्यात आली. भिंत तोडली तर उन्हाचं, गारव्याचं, वजनाचं सगळं गणित परत मांडावं लागेल, असं तिनं सांगितलं. मामींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘उघडती करशील न्हवं?’ आता पूर्वेला उघडणारी खिडकी आहे. ती मामींच्या उशाशी येईल अशी कॉट फिरवली आहे, आणि खिडकीच्या फळीवर पत्र्याचा एक डबा ठेवला आहे, त्यात दोन खडे.